तमिळ गझल: काफिया-रदीफ सोडला तर ती गझल राहते का?

यतिभंग
मराठीत गझल म्हटली की पहिल्या दहा मिनिटांत वृत्त, काफिया (यमक), अलामत (यमकाआधीचा ठरलेला स्वर) यांवर हमरीतुमरी सुरू होते. तमिळकडे मात्र वेगळंच चित्र दिसतं. तिथे गझल नेली ती मुख्यतः कविक्को अब्दुल रहमान यांनी (१९३७–२०१७). मदुरैत जन्म, वाणियंबाडीच्या इस्लामिया कॉलेजात तमिळचे प्राध्यापक, १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘आलापनै’साठी. ‘मिन्मिनिगळाल् ओरु कडिदम्’ म्हणजे ‘काजव्यांनी लिहिलेलं पत्र’ हा त्यांचा गझलसंग्रह. त्यात दोन-दोन ओळींचे सुटे तुकडे आहेत, प्रेयसी आणि परमेश्वर यांच्यातली पुसट रेषा आहे, विरह आहे. पण मतला (पहिला शेर), काफिया, रदीफ (काफियानंतर दरवेळी येणारा तोच शब्द), बेहेर (वृत्त) ही चौकट त्यांनी बाजूला ठेवली.

माझे दोन प्रश्न:
१. याला गझल म्हणावं का?
२. समजा एखादी मराठी गझल तंत्रासकट तमिळमध्ये न्यायची आहे आणि तिचा रदीफ ‘पाहिजे’ आहे, तर नक्की कुठे अडेल? ‘भाषा वेगळी आहे’ एवढ्यावर भागवू नका. अक्षर कुठे अडतं ते दाखवा.

वृत्तबद्ध
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.
सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’त हे फार सोप्या शब्दांत सांगून ठेवलंय. वृत्त एक, यमक एक, अन्त्ययमक एक, आणि प्रत्येक दोन ओळी म्हणजे स्वतंत्र कविता, अशा किमान पाच. यातला ‘स्वतंत्र कविता’ हा एकच भाग उचलला तर हाती येतात द्विपदी. द्विपदी वाईट नव्हेत, पण त्यांना गझल का म्हणायचं? इंग्रजीतही हाच घोळ झाला होता. शेवटी आगा शाहिद अली यांनी २००० साली एक संकलन काढून इंग्रजी कवींना काफिया-रदीफ पाळायला लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बंधन नको असेल तर नावही नको.

चहाटळ
म्हणजे साखर न घालता केलेला शिरा. उपमा म्हणा की सरळ.

कावेरीकाठ
वृत्तबद्ध, नियम बरोबर आहे, पण तो कुणाला लावताय तेही बघा.

अब्दुल रहमान यांना छंद येत नव्हता म्हणून त्यांनी सोडला असं नाही. त्यांचा पहिला संग्रह ‘पालवीदि’ (आकाशगंगा) १९७४चा. त्या काळात तमिळमध्ये ‘पुदुक्कविदै’ म्हणजे नवकविता जोरात होती. १९५९ला सी. सु. चेल्लप्पांचं ‘एऴुत्तु’ मासिक सुरू झालं, १९७१ला कोइंबतूरहून ‘वानंबाडी’ निघालं. ‘याप्पु’, म्हणजे छंदशास्त्र, झुगारणं हीच त्या पिढीची ओळख होती. ज्यांनी वेण्बा या जुन्या तमिळ छंदाचं जोखड नुकतंच उतरवलं होतं त्यांनी लगेच फारसी बेहेरचं जोखड मानेवर कसं घ्यावं?

दुसरं कारण भाषेतच आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच आहे. तमिळमध्ये ओळीच्या शेवटी यमक फुकट मिळतं. वाक्य क्रियापदावर संपतं आणि क्रियापदाला पुरुष-वचनाचा प्रत्यय लागतो. ‘मी’ कर्ता असला की शेवट ‘-किऱेन्’: पार्क्किऱेन् (बघतो), केट्किऱेन् (ऐकतो), निऱ्किऱेन् (उभा राहतो). शंभर क्रियापदं घ्या, शंभर यमकं तयार. जे फुकट मिळतं त्याला किंमत कशी येणार?

म्हणून तमिळ छंदशास्त्राने यमक ओळीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. त्याला ‘एदुगै’ म्हणतात. दोन्ही ओळींच्या पहिल्या शब्दाचं दुसरं अक्षर जुळायला हवं, आणि पहिलं अक्षर दोन्हीकडे ऱ्हस्व किंवा दोन्हीकडे दीर्घ हवं. पहिलं अक्षर जुळलं तर ती ‘मोनै’. शेवटच्या यमकाला ‘इयैबु’ असं नाव आहे, तोल्काप्पियम् या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथातही येतं, पण त्याचा मान तिसऱ्या पंगतीचा.

मात्रामोजणी
@कावेरीकाठ, ‘-किऱेन्’ची यमकं उर्दूत सरळ ‘ईता’ दोषात जातील. प्रत्यय काढला की खाली ‘पार्’ आणि ‘केळ्’ उरतात, त्यांच्यात काहीच जुळत नाही. म्हणजे यमक प्रत्ययाचं झालं, शब्दाचं नाही.
मराठीतही ‘बोलतो’ आणि ‘नाचतो’ एकाच मतल्यात आणले की हाच वाद होतो. ‘जळतो-छळतो’ला कुणी हरकत घेत नाही, कारण ‘तो’ काढला तरी ‘जळ-छळ’ उभे राहतात.

कावेरीकाठ
बरोबर. तमिळमध्येही तीच चाळणी लावा. काफिया क्रियापदात शोधू नका, नामात शोधा, आणि क्रियापद उचलून रदीफमध्ये टाका. क्रियापद आपोआप शेवटी येतं, त्यामुळे रदीफला ती जागा आयती मिळते. या बाबतीत तमिळ आणि मराठी सख्ख्या बहिणी.

गप्पूशेठ
मध्येच एक शंका. तमिळमध्ये ‘गझल’ लिहितात कसं? ‘ग’ही नाही, ‘झ’ही नाही.

कावेरीकाठ
‘क’ लिहायचा, मग ग्रंथ लिपीतून (तमिळ मुलखात संस्कृत लिहायची जुनी लिपी) आलेला ‘ज’ किंवा ‘स’, मग ‘ल्’. म्हणून ‘कजल्’ही दिसतं आणि ‘कसल्’ही. शुद्ध तमिळवाल्यांना ग्रंथाक्षरंच नको असतात, त्यांच्यासाठी पंचाईत तिथूनच सुरू होते.

चहाटळ
आपल्याकडे एका नुक्त्यावरून दोनशे प्रतिसाद होतात, त्यांच्याकडे अख्ख्या अक्षरावरून. प्रगती आहे.

ओवीकर
वृत्तबद्ध यांनी ‘बाहेरून आलेलं रोप’ असं धरून निकाल दिलाय. पण तमिळमध्ये गझलच्या शेजारचं घर आधीपासून होतं, ते कुणी बघितलंच नाही. ‘कण्णि’ नावाचा प्रकार बघा. दोन ओळींची सुटी कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच शब्द. १८व्या शतकातल्या तायुमानवर यांची ‘परापरक्कण्णि’ ३८९ कडव्यांची आहे आणि प्रत्येक कडवं ‘पराबरमे’ या हाकेवर संपतं. तमिळनाडूत शाळकरी मुलालाही ठाऊक असलेलं हे कडवं:

एल्लोरुम् इन्बुट्रिरुक्क निनैप्पदुवे
अल्लामल् वेऱोण्ड्रऱियेन् पराबरमे

सगळे सुखात असावेत, एवढं चिंतण्यापलीकडे मला काही ठाऊक नाही, परात्परा.

आता रचना बघा. पहिली ओळ शेवटी मोकळी, दुसरी ठरलेल्या शब्दावर. शेराची ठेवण हीच. ‘एल्लोरुम्’ आणि ‘अल्लामल्’ यांत दुसरं अक्षर ‘ल्’, म्हणजे एदुगै पक्की. तोंडाशी यमक, शेपटाला रदीफ.

आणि हा धागा सूफींकडेही जातो. गुणंगुडी मस्तान साहिब (१७९२–१८३८) यांनी याच घाटात ‘रहमान्‌कण्णि’ लिहिली. म्हणजे तमिळ मुसलमान कवीच्या हातात रदीफवाली द्विपदी गझलच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीच होती.

वृत्तबद्ध
ओवीकर, कण्णि झकास आहे, मानलं. पण काफिया कुठेय? ‘अऱियेन् पराबरमे’च्या पुढच्या कडव्यात ‘पराबरमे’च्या आधी काय येतं? काहीही. रदीफ आहे, काफिया नाही. उर्दूत रदीफ नसलेली गझल चालते, ‘गैरमुरद्दफ’ म्हणून. काफिया नसलेली चालत नाही. म्हणजे कण्णिकडे नेमकं ते आहे जे गझलला नसलं तरी चालतं, आणि नेमकं ते नाही ज्यावाचून चालत नाही.

ओवीकर
हे मात्र मुद्द्याचं बोललात. मी शेजारचं घर म्हटलं, तेच घर म्हटलं नाही.

मात्रामोजणी
मक्त्याचं काय? कवीचं नाव शेवटी घालायची तमिळ रीत आहे का?

ओवीकर
आहे, आणि चांगली ७व्या शतकापासून. तेवारम या शैव पदसंग्रहातल्या संबंदर यांची पदिगं (दहा-अकरा कडव्यांची पदं) बघा. शेवटच्या कडव्यात ते स्वतःचं नाव आणि गाव गुंफतात, शिवाय हे गाणाऱ्याला काय फळ मिळेल तेही सांगतात. ‘तिरुक्कडैक्काप्पु’ म्हणतात त्याला. त्यांच्या पहिल्याच पदिगात आधीची दहाही कडवी ‘पिरमापुरम् मेविय पेम्मान् इवनन्ड्रे’ यावर संपतात. एवढा लांब रदीफ भल्याभल्यांना झेपत नाही.

चहाटळ
मक्त्यात फळही मिळतं? आपल्याकडे फक्त ‘वाह’ मिळते, तीही व्हॉट्सॲपवर.

सरळरेषा
मला वाटतं तुम्ही सगळे उगाच लांब फिरताय. तिरुक्कुऱळ आहे की! दोन ओळी, स्वतंत्र आशय, १३३० नग. कुऱळ म्हणजेच तमिळ शेर. साने गुरुजींनी मराठीत आणलाय, वाचून बघा.

कावेरीकाठ
नाही हो सरळरेषा. कुऱळ वेण्बात पहिल्या ओळीत चार ‘सीर’ (गण म्हणा हवं तर) आणि दुसऱ्या ओळीत तीन. दोन ओळींची लांबीच वेगळी. शेरात दोन्ही मिसरे (ओळी) एका मापाचे लागतात. शिवाय कुऱळ दहा-दहाच्या अधिकारांत (अध्यायांत) बांधलेत आणि एका अधिकारात विषय एकच. गझलेत शेजारच्या दोन शेरांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली चालते, तिथे चालत नाही. सारखेपणा दोन ओळींपुरताच.

यतिभंग
मंडळी, दुसरा प्रश्न तसाच पडून आहे. ‘पाहिजे’.

कावेरीकाठ
घेतो. जरा लांब होईल.

रदीफ: ‘पाहिजे’ला तमिळमध्ये ‘वेण्डुम्’. नशीब चांगलंय. दोन्ही भाषांत ‘मला’ अशी चतुर्थी लागते आणि हवी ती वस्तू प्रत्ययाशिवाय येते. वाक्याचा क्रमही तोच.

रदीफ ‘व’ने सुरू होतो हे आणखी मोठं नशीब. तमिळमध्ये रदीफ निवडताना आधी त्याचं पहिलं अक्षर बघावं. क, च, त, प यांपैकी असेल तर संधीत ते दुप्पट होतं, पण सगळीकडे नाही. ‘नान् पार्क्किऱेन्’ (मी बघतो) यात काही होत नाही, पण ‘उन्नैप् पार्क्किऱेन्’ (तुला बघतो) यात मध्ये ‘प्’ घुसतो. म्हणजे एका शेरात रदीफच्या आधी जोडाक्षर, दुसऱ्यात नाही. स्वराने सुरू होणारा रदीफही जपून घ्या. ‘नाडु’ (देश) + ‘इल्लै’ (नाही) = ‘नाडिल्लै’. काफियाचा शेवटचा उकार रदीफने गिळला. म, न, व हे सगळ्यात सुरक्षित.

काफिया: ‘लै’ घेऊ. अलामत ‘अ’ ठेवली तर अलै (लाट), मलै (डोंगर), वलै (जाळं), तलै (डोकं), कलै (कला), कोशभर आहेत. यात इलै (पान), सिलै (मूर्ती), विलै (किंमत), निलै (स्थिती) आणू नका, तिथे अलामत ‘इ’ झाली.

मराठी माणसाचा पाय घसरतो तो यापुढे. मलै म्हणजे डोंगर आणि मऴै म्हणजे पाऊस. वलै म्हणजे जाळं, वळै म्हणजे बांगडी. देवनागरीत टिपून घेताना लोक ‘मऴै’ सर्रास ‘मलै’ किंवा ‘मळै’ असं लिहितात आणि मग काफिया जुळला असं वाटतं. ल, ळ, ऴ ही तीन वेगळी अक्षरं आहेत. निदान ल-ळचा फरक तरी आपल्याला कुणी शिकवायला नको.

मतल्याचा सांगाडा:

मण्णुक्कु मलै वेण्डुम्
कण्णुक्कु वलै वेण्डुम्

मातीला डोंगर हवा, डोळ्याला जाळं हवं. काव्य बेतास बात आहे, पण मण्/कण् अशी एदुगै तोंडाशी, मलै/वलै काफिया, वेण्डुम् रदीफ. तिन्ही एकत्र बसतात एवढंच दाखवायचं होतं.

चहाटळ
डोळ्याला जाळं हवं? मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणावं.

वृत्तबद्ध
गंमत म्हणजे हे वजन ओळखीचं आहे. गागाल लगागागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु), म्हणजे हजज या फारसी-उर्दू वृत्तातलं ‘मफऊलु मफाईलुन’. कावेरीकाठ, तुम्ही मुद्दाम केलंत की झालं?

कावेरीकाठ
झालं. आणि तुमच्या मापाने ते पुढच्याच शेरात तुटेल, मुद्दाम दाखवतो.

‘मण्णुक्कु’नंतर ‘मलै’ ऐवजी ‘तलै’ आणा. चतुर्थीच्या ‘-क्कु’नंतर ‘त’ दुप्पट व्हायलाच हवा: ‘मण्णुक्कुत् तलै’. ‘क्कु’ लघु होता तो ‘क्कुत्’ होऊन गुरू झाला. गागालचं गागागा झालं. अर्थ, व्याकरण सगळं ठीक, वृत्त गेलं. ‘कलै’ आणलंत तरी तेच.

आता तमिळ मापाने मोजा. तमिळमध्ये लघु-गुरू नाही, ‘असै’ आहे. दोनच प्रकार: ‘नेर्’ आणि ‘निरै’. नेर् म्हणजे एकटं अक्षर, ऱ्हस्व किंवा दीर्घ, पुढे हलन्त व्यंजन असो वा नसो. निरै म्हणजे ऱ्हस्वाने सुरू होणारी जोडी: ऱ्हस्व+ऱ्हस्व किंवा ऱ्हस्व+दीर्घ, इथेही शेवटी हलन्त असलं-नसलं तरी चालतं. या हिशेबाने ‘मण्/णुक्/कु’ म्हणजे नेर्-नेर्-नेर्. ‘मण्/णुक्/कुत्’ सुद्धा नेर्-नेर्-नेर्. द्वित्त (दुप्पट झालेलं व्यंजन) आलं काय, गेलं काय, असैला पत्ताच लागत नाही. तमिळ संधीने जो गोंधळ केला असता तो तमिळ छंदाने आधीच पोटात घातलाय. फारसी माप लावलं की तोच गोंधळ वर येतो.

गणांची नावंही सांगून टाकतो: नेर्-नेर् = तेमा, निरै-नेर् = पुळिमा, निरै-निरै = करुविळम्, नेर्-निरै = कूविळम्. तीन असै असतील आणि शेवटची नेर् असेल तर पुढे ‘काय्’ जोडायचं, निरै असेल तर ‘कनि’. आपला मतला: तेमाङ्गाय् पुळिमाङ्गाय्, दोन्ही ओळी.

गप्पूशेठ
अर्थ काय या नावांचा?

कावेरीकाठ
तेमा गोड आंबा, पुळिमा आंबट आंबा, कूविळम् बेल. काय् म्हणजे कच्चं फळ, कनि म्हणजे पिकलेलं. विरुत्तम् नावाच्या वृत्तात सहा सीरांची एक प्रसिद्ध चाल आहे: मा मा काय्, मा मा काय्.

चहाटळ
मामा काय? मामा काय? — कोकणातली आमराई आणि राखणदार डोळ्यासमोर आला.

मात्रामोजणी
आणखी एक खोट. ‘लै’ला तुम्ही आणि वृत्तबद्ध दोघेही गुरू धरताय. तमिळ व्याकरण तसं म्हणत नाही. ‘ऐ’च्या दोन मात्रा असतात खऱ्या, पण तो शब्दाच्या सुरुवातीला आला की दीड होतो आणि मध्ये किंवा शेवटी आला की एक. ‘ऐकारक्कुऱुक्कम्’ म्हणतात. म्हणून ‘मलै’ कानाला जवळजवळ ‘मलॅ’ असं येतं. शब्दाच्या शेवटचा, कठोर व्यंजनावरचा उकार तर अर्ध्या मात्रेचा, ‘कुट्रियलुगरम्’. ‘मण्णुक्कु’तला शेवटचा ‘कु’ म्हणजे अर्धी मात्रा! मग गागाल लगागागा म्हणताय ते कागदावर आहे, तोंडात नाही.

वृत्तबद्ध
मान्य, पण उर्दूतही मात्रा पाडण्याची सूट असते, वजनात दीर्घ ऱ्हस्व म्हणून वाचतात. एकाच जागी सगळीकडे ‘लै’ असेल तर तो काय मोजायचा हे एकदा ठरवा आणि पाळा. अडचण ‘लै’ची नाही, द्वित्ताची आहे. आणि द्वित्तावर उपाय आहे: ती जागा आधीच गुरू करून टाका.

मण्णुक्कुम् मलै वेण्डुम्
कण्णुक्कुम् वलै वेण्डुम्

‘-उम्’ म्हणजे आपला ‘-ही’ ना? मातीलाही डोंगर हवा, डोळ्यालाही जाळं हवं. गागागा लगागागा. आता मागचं अक्षर हलन्तच आहे, द्वित्त यायला जागाच नाही.

कावेरीकाठ
अरे वा! हे दोन्ही मापांत बसतं. असै तीच, आणि ‘ही’मुळे दोन ओळी एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही तमिळ शिकून घ्याच.

यतिभंग
आता एक शेर. पहिली ओळ मोकळी, दुसरीत अलै. मी जुळवून बघितलं:

एण्णत्तिन् कडल्मेले
एप्पोदुम् अलै वेण्डुम्

विचारांच्या समुद्रावर सदैव लाट हवी. एण्/णत्/तिन्, कडल्/मे/ले. एप्/पो/दुम्, अलै/वेण्/डुम्. चार वेळा मोजलं, बरोबर येतंय. ठीक?

कावेरीकाठ
मोजायला ठीक. आता मोठ्याने म्हणा. ‘एप्पोदुम् अलै’, ‘एप्पोदुमलै’. ऐकणाऱ्याच्या कानावर ‘मलै’ पडलं. समुद्रावर डोंगर उभा केलात, आणि मतल्यातला काफिया लगेच परत आला असंही वाटलं.

यतिभंग
मग ‘ओयाद अलै वेण्डुम्’? न थांबणारी लाट. ओ/या/द, तीन नेर्. ‘म्’ गेला.

कावेरीकाठ
‘म्’ गेला आणि ‘व्’ आला. अकारानंतर स्वर आला की मध्ये ‘व्’ भरतात: ‘ओयादवलै’. आता ते जाळं झालं! मतल्यातला दुसरा काफिया.

चहाटळ
एक लाट, एकदा डोंगर, एकदा जाळं. याला म्हणतात जमीन हलणे.

ओवीकर
कुणी याला श्लेष म्हणून मिरवलंही असतं. जुन्या तमिळ कवींना ‘सिलेडै’चा सोस होताच. पण मुशायऱ्यात शेर ऐकताक्षणी पोचायला हवा, तिथे असा श्लेष अपघातच ठरतो.

कावेरीकाठ
उपाय: स्वराने सुरू होणाऱ्या काफियाच्या आधी असं व्यंजन ठेवा की जोडून नवा शब्द तयार होणार नाही. ‘र्’ चांगला, कारण ‘रलै’ असा शब्दच नाही. आणि तमिळमध्ये ‘एक’साठी व्यंजनापूर्वी ‘ओरु’ आणि स्वरापूर्वी ‘ओर्’, म्हणजे व्याकरणच तुमच्या बाजूने येतं:

एण्णत्तिन् कडल्मेले
इङ्गेयोर् अलै वेण्डुम्

विचारांच्या समुद्रावर इथे एक लाट हवी. एदुगै नाही, पण ए आणि इ एका गटातले स्वर, मोनै जुळते. गागागा लगागागाही शाबूत.

वृत्तबद्ध
हे तपासलं. ‘योर् अलै’ जोडून म्हटलं तरी ‘यो’ दीर्घच, ‘र’ लघु. वजन सुटत नाही. मंजूर.

सरळरेषा
म्हणजे तमिळमध्ये तंत्रशुद्ध गझल होऊ शकते. मग अब्दुल रहमान यांनी का नाही केली? जमलं असतं की!

ओवीकर
जमलं असतं, यात मला शंका नाही. त्यांच्या घराण्यात उर्दू काव्य होतं, वाणियंबाडी-आंबूर पट्ट्यात उर्दू बोलली जाते, मूळ गझल त्यांनी कानाने ऐकलेली होती. पण वर बघा, एका शेरातल्या एका लाटेसाठी तिघांनी किती खटपट केली. त्यांना तमिळ वाचकाला गझलचा स्वभाव दाखवायचा होता, सांगाडा नव्हे. तमिळ मुसलमान साहित्याने फारसी-अरबीतून घाट उचलले तेव्हा असंच केलंय. किस्सा, मसला, नामा, मुनाजात ही नावं तिकडची, आतला छंद तमिळ.

वृत्तबद्ध
तो युक्तिवाद कळतो, तरी माझं मत बदललं नाही. फरक एवढाच की काल मी ‘तमिळला झेपत नाही’ असं मनात धरून होतो, ते चूक होतं. झेपतं. म्हणून तर पाळायला हवं. माधव ज्यूलियनांची ‘गज्जलांजलि’ १९३३ची, भटांचा ‘एल्गार’ १९८३चा. मधली पन्नास वर्षं मराठीतही गझल म्हणजे काय ते चाचपडणंच चालू होतं. तमिळची पन्नास वर्षं अजून संपायची आहेत.

मात्रामोजणी
यतिभंग, तुमच्या मूळ मराठी गझलेत शेर किती आहेत?

यतिभंग
सात. दुसऱ्या शेरात काफिया ‘तलै’ येतोय, ‘डोकं हवं’. आधी ‘-उम्’ ठेवलंय, त्यामुळे द्वित्ताची भीती नाही. पण ‘कण्णुक्कुम् तलै’मध्ये म् आणि त जवळ आले की ‘न्’सारखं ऐकू येतंय, ‘कण्णुक्कुन्दलै’. हे बरोबर आहे की माझ्या कानाचा दोष?

कावेरीकाठ
कानाचा दोष नाही. म् पुढे त आला की तो ‘न्’ होतो, आणि अनुनासिकानंतरचा त ‘द’सारखा उच्चारतात. तुम्ही ऐकलंत तसंच म्हणतात. काफियाचं पहिलं अक्षर बदललेलं ऐकू आलं तरी ‘अलै’ शाबूत आहे, चालेल. डोकं कशाला हवंय ते सांगा, म्हणजे पहिली ओळ बघू.